शाळेच्या चिठ्ठ्या बायकोला कळू लागल्या

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा पहिलीत, इंग्रजी शिकतोय. मी कामावर, म्हणून दप्तरातल्या चिठ्ठ्या बायकोच्या हाती पडायच्या आणि फ्रीजवर चुंबकाखाली साठायच्या. तिचं इंग्रजी कच्चं. एक पालकसभा त्यातच हुकली. तिला रडू आलं.

गोम शाळेच्या फॉर्ममध्ये होती. मला येतं म्हणून संपर्काची भाषा मीच 'इंग्रजी' लिहिली होती. ती 'मराठी' केली आणि दुभाषी हवा, असं लेखी कळवलं. अमेरिकेच्या १९६४च्या नागरी हक्क कायद्यानुसार सरकारी शाळेने पालकांना समजेल अशा भाषेत माहिती द्यायची असते, दुभाषी मोफत. भाषांतरासाठी पोराला मध्ये घालायचं नाही.

पुढच्या सभेत फोनवर मराठी दुभाषी होत्या. बायकोने पहिलाच प्रश्न विचारला, "डब्यातली पोळी संपवतो का हो तो?"