ऑब्झर्व्हर पॅटर्न नीट कसा बसवायचा, जायकवाडीचं उदाहरण घेऊन

पावसाळ्यात आपल्याकडं सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच, नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, किती टक्के झाला. संभाजीनगर न जालन्यातले लोक नळाच्या पाण्यासाठी विचारतात, डाव्या-उजव्या कालव्यावरचे शेतकरी आवर्तनासाठी, आणि पैठणपासून खाली नांदेडपर्यंत गोदाकाठची गावं २७ पैकी किती गेट उघडले, केवढ्यानं उघडले यासाठी. आकडा एक, पण त्याच्यावर डोळा ठेवून असणारे ढीगभर, न प्रत्येकाचं कारण वेगळं. ऑब्झर्व्हर पॅटर्न, म्हणजे एकात बदल झाला की त्याच्यावर डोळा ठेवणाऱ्या सगळ्यांना कळवायची कोड लिहायची पद्धत, नेमका याच्यासाठीच आहे. इंजिनिअरिंगची पोरं व्हायव्हासाठी त्याची व्याख्या पाठ करतात, वन टू मेनी डिपेंडन्सी (एकावर अनेक अवलंबून) वगैरे, पण कोड लिहायला बसलं की कुठं काय ठेवायचं तेच कळत नाही, म्हणून हे सविस्तर लिहायलोय.

आधी पॅटर्न नसताना लोक काय करतात ते बघा. धरण नावाचा क्लास असतो, त्याच्यात पातळी बदलली की तिथल्या तिथं पाणीपुरवठ्याचं फंक्शन कॉल, मग कालव्याचं, मग एसएमएसचं. चालतं ते. पण उद्या माजलगावसाठी काही जोडायचं म्हणलं की परत धरणाचा क्लास उघडा, परवा वेबसाइटवरचा बोर्ड आला की परत उघडा. धरणाला एसएमएस कसा जातो हे माहीत असायचं कारणच काय? त्याचं काम पातळी सांभाळणं. आपल्याला धरणाला एवढंच माहीत ठेवायचंय की माझ्याकडं ऐकणाऱ्यांची एक यादी आहे, न त्या प्रत्येकाकडं अपडेट नावाची एक मेथड आहे. ते कोण आहेत, ऐकून पुढं काय करतात, याच्याशी त्याचा संबंध नाही. धरण म्हणजे सब्जेक्ट, ऐकणारे म्हणजे ऑब्झर्व्हर.

खालचा कोड पायथनच्या वळणाचा आहे, कीवर्ड देवनागरीत केलेत, जावा किंवा सी शार्पवाल्यांना पण लगेच कळेल:

क्लास धरण:
    सुरुवात(सेल्फ):
        सेल्फ.टक्के = ०
        सेल्फ.विसर्ग = ०
        सेल्फ.ऐकणारे = []

    जोड(सेल्फ, कोण):
        जर कोण सेल्फ.ऐकणारे मधे नसेल:
            सेल्फ.ऐकणारे.अपेंड(कोण)

    काढ(सेल्फ, कोण):
        जर कोण सेल्फ.ऐकणारे मधे असेल:
            सेल्फ.ऐकणारे.रिमूव्ह(कोण)

    नोंद(सेल्फ, टक्के, विसर्ग):
        सेल्फ.टक्के = टक्के
        सेल्फ.विसर्ग = विसर्ग
        सेल्फ.कळव()

    कळव(सेल्फ):
        फॉर कोण इन लिस्ट(सेल्फ.ऐकणारे):
            कोण.अपडेट(सेल्फ)

क्लास गोदाकाठ:
    अपडेट(सेल्फ, धरण):
        जर धरण.विसर्ग > ०:
            गावांना_इशारा(धरण.विसर्ग)

एवढंच आहे. जावा किंवा सी शार्पमधे अपडेटसाठी एक इंटरफेस (कुठल्या मेथड असल्याच पाहिजेत त्याची नुसती यादी) करा, पायथनमधे नाही केला तरी चालतं पण ॲबस्ट्रॅक्ट बेस क्लास ठेवला तर नवीन माणूस मेथडचं नाव चुकवत नाही. इथपर्यंत कुठल्याही ट्यूटोरियलमधे मिळतं, खरं काम याच्यापुढं आहे, न पॅटर्न लिहूनही कोड फसतो तो पुढच्या गोष्टींमुळंच.

सगळ्यात महत्त्वाचं, कळव कधी बोलवायचं. वरच्या नोंद मेथडमधे टक्के न विसर्ग दोन्ही आधी भरलेत आणि मगच एकदा कळव केलंय. हे मुद्दाम आहे. समजा दोन वेगळे सेटर (एकेक व्हॅल्यू भरणाऱ्या मेथड) केले न प्रत्येक सेटरच्या शेवटी कळव टाकलं, तर टक्के ९८ झाल्याझाल्या पहिली हाक जाईल आणि त्या क्षणी विसर्ग अजून जुनाच, म्हणजे शून्य. गोदाकाठवाला ऑब्झर्व्हर बघतो, विसर्ग नाही, गप बसतो. किंवा बोर्डवाला ते जुनं न नवं मिसळलेलं चित्र पब्लिकला दाखवून मोकळा होतो. दुसरी हाक लगेच येते हे खरं, पण मधल्या वेळात जे घडलं ते घडलं. नियम सोपा धरा, ऑब्जेक्टची अवस्था आतून पूर्ण जुळल्याशिवाय बाहेर हाक द्यायची नाही. हीच चूक इनहेरिटन्समधून पण आत येते: पोटक्लासनं, म्हणजे बेस क्लासवरून बनवलेल्या क्लासनं, नोंद ओव्हरराइड केली (स्वतःची लिहिली), पहिल्या ओळीत सुपरची, म्हणजे बेस क्लासची, नोंद बोलवली, तिथंच हाक गेली, न पोटक्लासची स्वतःची व्हॅल्यू भरायची राहिली. म्हणून व्हॅल्यू भरायचा भाग वेगळ्या मेथडमधे काढा, पोटक्लासला तेवढाच बदलू द्या, न नोंदमधे आधी ती मेथड मग कळव असा क्रम बेस क्लासमधे पक्का करून टाका.

आता वरच्या कोडमधे फॉर लूपच्या आत लिस्टची कॉपी का घेतली, हा प्रश्न पडला असेल. ऐकणारा कधीकधी अपडेटच्या आतच स्वतःला काढून घेतो, म्हणजे धरण १०० टक्के झालं की माझं काम संपलं असा एखादा. मूळ यादीवरच फिरत असाल तर पायथन तिथं काही ओरडत नाही, यादी एकानं आखूड होते न पुढचा ऐकणारा गुपचूप वगळला जातो. जावाची साधी ॲरेलिस्ट निदान कॉन्करंट मॉडिफिकेशन एक्सेप्शन देते, बहुतेक वेळा तरी. जावात यासाठी कॉपी ऑन राइट ॲरेलिस्ट मिळते, ती वापरा.

दुसरं मोठं प्रकरण एक्सेप्शनचं, न याच्यावर मला कळकळीनं सांगायचंय. यादीत पहिला वेबसाइटचा बोर्ड आहे, त्याचं नेट गेलं, अपडेटमधून एक्सेप्शन आला, लूप तुटला. मागं उभा असलेला गोदाकाठ, त्याला हाक गेलीच नाही. बोर्ड बंद पडला म्हणून गोदाकाठच्या गंगाखेडला इशारा जाऊ नये हे कुठल्याच सिस्टीममधे चालणार नाही. म्हणून प्रत्येक कॉलला स्वतंत्र ट्राय:

    कळव(सेल्फ):
        चुका = []
        फॉर कोण इन लिस्ट(सेल्फ.ऐकणारे):
            ट्राय:
                कोण.अपडेट(सेल्फ)
            एक्सेप्ट एक्सेप्शन ॲज चूक:
                चुका.अपेंड((कोण, चूक))
        जर चुका असतील:
            लॉगर.एरर(चुका)

एक्सेप्टमधे नुसतं पास लिहून विषय मिटवू नका. कोणता ऐकणारा पडला न कशानं, हे लॉगमधे नावासकट आलंच पाहिजे, नाहीतर महिनोन्‌महिने एक ऑब्झर्व्हर मेलेला असतो आणि कुणाला पत्ता नसतो.

तिसरं, काढायचं विसरणं. मोबाइल ॲपमधे स्क्रीन उघडली की तिनं स्वतःला धरणाला जोडलं, माणसानं स्क्रीन बंद केली, पण धरणाच्या यादीत तिचा रेफरन्स तसाच राहिला. यादी धरून बसलीये म्हटल्यावर गार्बेज कलेक्टर (न लागणारी मेमरी मोकळी करणारा) तिला हात लावत नाही. माणूस दिवसभरात दहादा उघडझाक करतो, यादीत दहा स्क्रीन, नऊ मेलेल्या, न प्रत्येक हाकेला दहाही जाग्या होतात. याला लॅप्स्ड लिसनर म्हणतात, मेमरी लीकचं लई कॉमन कारण. उपाय म्हणजे जोड लिहिलं की त्याच बसणीत काढ कुठं होणार ते पण लिहायचं. अजून सोपं, जोड मेथडनं एक फंक्शन परत द्यावं, जे बोलवलं की नाव निघतं, मग विसरायला जागा कमी राहते. पायथनमधे विकरेफ मॉड्यूलचा विकसेट (ऑब्जेक्टला धरून न ठेवणारी यादी) पण वापरता येतो, फक्त एक ध्यानात ठेवा, त्याच्यात ऑब्जेक्टची मेथड थेट टाकली तर ती लगेच गायब होते कारण बाउंड मेथड (ऑब्जेक्टला जोडलेली मेथड) दरवेळी नवीन बनते न तिला दुसरं कुणी धरलेलं नसतं, तिथं विकमेथड लागतो. जावास्क्रिप्टमधे त्याच जातीची गोम आहे, ॲड इव्हेंट लिसनरला जागेवर लिहिलेलं फंक्शन दिलं तर ते नंतर रिमूव्ह इव्हेंट लिसनरनं काढता येत नाही, काढताना तेच फंक्शन हातात लागतं, म्हणून आधी व्हेरिएबलमधे ठेवा.

माहिती ढकलायची की ओढायची, यावर लोक लई वाद घालतात. म्हणजे अपडेटमधे टक्के न विसर्ग पाठवायचे का अख्खं धरण पाठवून ज्याला जे पाहिजे ते वाचू द्यायचं. वरच्या कोडमधे सोपं पडावं म्हणून अख्खं धरण पाठवलंय, पण माझं मत, छोटा, न बदलणारा एक ऑब्जेक्ट बनवून पाठवा, त्यात टक्के, विसर्ग, नोंदीची वेळ. अख्खं धरण दिलं की ऐकणारा त्यातल्या मेथड बोलवायला लागतो, न मग एक गेट नियंत्रण नावाचा ऑब्झर्व्हर अपडेटच्या आतच धरणावर नोंद बोलवतो, त्यातून परत कळव, त्यातून परत अपडेट, आणि स्टॅक संपेपर्यंत हेच. आकडा खरंच बदलला असेल तरच हाक द्यायची ही एक अट नोंदमधे घातली तरी बऱ्याच वेळा हे थांबतं. पण धोक्याची रेषा कुठली, ९० का ९५, ते धरणाच्या क्लासमधे घालू नका, ती ज्याची त्याच्याकडं.

क्रमावर अवलंबून राहू नका. कालव्याच्या आधी पाणीपुरवठ्याला कळलंच पाहिजे अशी गरज असेल तर ते दोन वेगळे ऑब्झर्व्हर नाहीतच, एकाच कामाच्या दोन पायऱ्या आहेत, एकत्र लिहा. आणि हे सगळं एकाच थ्रेडवर ओळीनं चालतं हे पण विसरू नका, एसएमएसला चार सेकंद लागले तर नोंद करणारा चार सेकंद अडकला. असल्या ऐकणाऱ्यानं अपडेटमधे काम न करता फक्त रांगेत टाकावं, न वेगळ्या वर्करनं उचलावं.

जावावाल्यांसाठी वेगळं: जुन्या नोट्समधे जावा युटिलमधला तयार ऑब्झर्व्हेबल क्लास वापरा असं असतं. तो २०१७ च्या जावा ९ पासून डेप्रिकेट केलाय, म्हणजे वापरू नका असा शिक्का मारलाय. इंटरफेस नसून क्लास असल्यानं तुमची इनहेरिटन्सची एकच जागा तो खाऊन टाकायचा, हाकेच्या क्रमाची पण खात्री नाही. स्वतःचा इंटरफेस लिहा, दहा-पंधरा ओळींचं काम. सी शार्पमधे इव्हेंट भाषेतच आहे, तिथं तर तेवढंही नाही, पण काढायचं विसरलं की लीक तिथंही तस्साच होतो.

ऐकणारा एकच असेल न पुढंही एकच राहणार असेल तर साधा फंक्शन कॉल करा. कोड वाचताना हाक कुठून कुठं गेली हे शोधायला ऑब्झर्व्हरमधे वेळ जातो, ती किंमत फुकट मोजायची कामून.

टेस्ट मात्र लिहाच, सोप्या आहेत. एक खोटा ऑब्झर्व्हर करा जो आलेलं सगळं एका लिस्टमधे साठवतो. त्याला जोडून नोंद करा, लिस्टमधे बरोबर एकच एंट्री, न तिच्यात टक्के आणि विसर्ग दोन्ही नवे आहेत का बघा. मग काढून परत नोंद करा, लिस्ट वाढली नाही पाहिजे. मग त्याच्या आधी मुद्दाम एक्सेप्शन फेकणारा दुसरा उभा करा आणि मागच्याला हाक पोचते का ते तपासा.