स्टेअरिंग जड यायलंय? रॅक बदलायच्या आधी हे करा

स्टेअरिंग जड झालं म्हणून गाडी गॅरेजात नेली की बॉनेट उघडायच्या आधीच निकाल येतो, "रॅक गेला साहेब." आणि शेजारीपाजारी म्हणायलेत ऑइल टाक, ग्रीस मार. रॅक म्हणजे स्टेअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणारा दांडा, हा लई महागाचा पार्ट, आणि बऱ्याच वेळा त्याची काही चूकच नसते. जड नेमकं कुठं आहे हे वेगळं काढल्याशिवाय एक रुपया खर्च करू नका.

आधी पुढच्या चाकांची हवा. ड्रायव्हरच्या दाराजवळ स्टिकरवर आकडा असतो, टायर थंड असताना तेवढी भरा, पंक्चरवाल्याच्या अंदाजावर सोडू नका. बऱ्याच गाड्या इथंच हलक्या होतात.

मग गाडीचं स्टेअरिंग कोणत्या जातीचं ते बघा. बॉनेटखाली स्टेअरिंगचं चित्र असलेल्या झाकणाची डबी असली की बहुतेक हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारं, नसली आणि चावी फिरवल्यावर मीटरमध्ये स्टेअरिंगचा दिवा लागून विझत असला तर इलेक्ट्रिक. इलेक्ट्रिकवाल्यांनी दिवा पेटून राहत असेल तर बॅटरीचे टर्मिनल, फ्यूज, आणि चालू इंजिनवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळतात का ते बघावं, नाहीतर सरळ बिघाडाचा कोड वाचणारा स्कॅनर लावावा. बाजाराच्या दिवशी मोंढ्यात गाडी पुढंमागं करत स्टेअरिंग सारखं टोकाला नेलं की मोटर तापते आणि सिस्टिम आपणहून जोर कमी करते, जरा थांबलं की परत हलकं होतं, त्याला बिघाड समजू नका.

हायड्रॉलिकमध्ये ऑइलची लेव्हल, बेल्टचा ताण, पाइपला गळती. ऑइल मॅन्युअलमध्ये दिलंय तेच. ब्रेक ऑइल चुकूनही टाकू नका, सील फुगतात आणि मग खरंच रॅक जातो. डबीत फेस दिसला तर सिस्टिममध्ये हवा शिरलीय, पुढची चाकं उचलून (कशी ते खाली सांगितलंय) इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहा, लेव्हल खाली गेली की भरा, बुडबुडे थांबेपर्यंत.

एवढं करून पण जडच असेल तर इथून पुढं घाई करायची नाही.

गाडी सिमेंटच्या फरशीवर घ्या. काळ्या मातीवर जॅक लावायचा नाही, वरून टणक दिसते पण जॅक हळूहळू आत जातो. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा, पुढून दोन्ही बाजूंनी उचलून जॅक स्टँडवर ठेवा. विटांवर ठेवणारे लोक आहेत, त्यांच्या नादी लागू नका, वीट फुटते आणि फुटताना सांगून फुटत नाही.

आता इंजिन बंद ठेवून चावी फिरवून लॉक काढा आणि स्टेअरिंग फिरवा. पॉवर नसल्यामुळं थोडं जड लागणारच, ते एकसारखं असेल तर चालतं. पण मध्येच अडकतंय, सुटतंय, परत अडकतंय, एका फेऱ्यात दोनदा, असं असेल तर जवळपास नक्की कॉलमचा, म्हणजे स्टेअरिंगपासून रॅककडं जाणाऱ्या दांड्याचा, क्रॉस (वाकणारा जोड) धरलाय, म्हणजे जाम झालाय. कर्रकन आवाज येऊन स्प्रिंग उडी मारल्यासारखी सुटत असेल तर शॉकअपच्या वरच्या माउंटचं बेअरिंग.

लक्षणावरून कळलं नाही तर एकेक जोड सोडवा. दोन्ही टाय रॉड एंड (रॅकच्या दोन बाजूंच्या रॉडची टोकं) नकलमधून (चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागातून) काढायचे. नट ढिला करा पण दोन-तीन आटे राहू द्या, आणि हातोडी नकलच्या डोळ्यावर बाजूनं मारा, आट्यावर नाही. आट्यावर मारला की आटा गेला, मग नवीन एंड. पुलर असेल तर लई बरं. रॉडवरच्या लॉकनटला हात लावू नका, अलाइनमेंट जाईल. आता प्रत्येक चाक हातानं डावीउजवीकडं वळवा. एखादं चाक जड वळलं तर त्या बाजूचा बॉल जॉइंट (नकलला धरणारा गोळीचा जोड) किंवा वरचं माउंट, रॅकचा दोष नाही.

चाकं हलकी पण स्टेअरिंग जड, तर राहिलं काय, कॉलम नाहीतर रॅक. इथं मी कुणालाही सांगतो, आधी बॅटरी काढा, स्टेअरिंग सरळ करा, ते लॉक करा किंवा सीटबेल्टनं बांधा आणि मगच क्रॉसचा बोल्ट खोला. कारण कॉलम सुटल्यावर स्टेअरिंग मोकळं फिरलं की आतली एअरबॅगची गुंडाळी वायर तुटते आणि हजारोंचा खर्च डोक्यावर बसतो. शाफ्टवर खडूनं नाही, रंगानं खूण करा, म्हणजे परत त्याच दातात बसेल. क्रॉस सुटला की हातात धरून दोन्ही दिशांना वाकवून बघा. क्रॉसच्या टोकांवरच्या कपाच्या कडेला तपकिरी गंजाची भुकटी असेल आणि तो वाकवल्यावर तसाच राहत असेल तर चोर सापडला. पावसाळ्यात रानातून गाडी काढायची, वाळलेला चिखल नंतर प्रेशरनं धुवायचा, ते पाणी बॉनेटखालच्या त्या जोडात शिरतं आणि आतल्या बेअरिंगच्या सुया गंजतात. गंज काढायचा स्प्रे मारला तर महिनाभर बरं वाटेल, पण पार्ट बदलाच. वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याच्या हातात गाडी देऊ नका, स्टेअरिंगचा जोड आहे तो, ट्रॉलीचा हूक नाही. क्रॉस हलका निघाला आणि रॅकचा शाफ्ट जड फिरला, तरच रॅकचं नाव घ्या.

बसवताना बोल्ट आणि पिना नवीन, नट टॉर्क पान्यानं. मग व्हील अलाइनमेंट. शेवटी मोकळ्या रस्त्यावर हळू वळण घेऊन स्टेअरिंगवरची पकड जरा सैल करा. ते आपणहून सरळ यायला पाहिजे. नाही आलं तर बहुतेक अजून कुठला तरी जोड धरलेला आहे, गाडी परत स्टँडवर.