एकट्या कलावंताने सरकारी फेलोशिपचा अर्ज कसा लिहावा

सरकारी पैसा कलावंताला चार निरनिराळ्या कारणांसाठी मिळतो: शिकण्यासाठी, अभ्यास करण्यासाठी, काही उभे करून लोकांसमोर आणण्यासाठी आणि आयुष्य कलेत घालवल्यावर उतारवयात आधार म्हणून. गेली काही वर्षे मी ओळखीपाळखीच्या कलावंतांचे अर्ज वाचून देतो, आणि त्यांपैकी जे परत आले त्यांतले बरेचसे चुकीच्या खिडकीवर गेल्यामुळे परत आले, कलावंताच्या कुवतीचा त्यात काही संबंध नव्हता. म्हणून अर्जाचा नमुना उघडण्याआधी आपल्याला पैसा नेमका कशासाठी हवा आहे, हे एका वाक्यात वहीत लिहून काढावे.

शिकण्यासाठी हवा असेल आणि वय १८ ते २५ असेल, तर केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठीची शिष्यवृत्ती आहे. ती दोन वर्षे दरमहा ५,००० रुपये मिळते आणि तिच्यासाठी गुरूकडे किंवा संस्थेत किमान पाच वर्षांची तालीम झालेली असावी लागते. नाटक, नृत्य किंवा संगीताचा कार्यक्रम बसवायचा असेल, तर मंत्रालयाचे त्यासाठीचे अनुदान नोंदणीकृत संस्थांना मिळते, एकट्या व्यक्तीला मिळत नाही; महाराष्ट्राच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाकडून तमाशा, दशावतार, खडीगंमत अशा कलांसाठी मिळणारे अनुदानही पथकाला असते. पहिले पुस्तक छापायचे असेल, तर १९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे. पन्नाशी ओलांडलेल्या, उत्पन्न तुटपुंजे असलेल्या कलावंतांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची मानधन सन्मान योजना असून ती दरमहा ५,००० रुपयांची आहे. गोव्यातील कलावंतांनी आधी तिथल्या कला व संस्कृती संचालनालयाच्या योजना पाहाव्यात.

उरली अभ्यासाची खिडकी. एकट्या, प्रौढ, कसलीही संस्था पाठीशी नसलेल्या कलावंताला सगळ्यांत मोठी रक्कम इथेच मिळू शकते आणि सगळ्यांत जास्त गैरसमजही इथेच आहेत, त्यामुळे पुढचे सारे तिच्याविषयी आहे.

संस्कृती मंत्रालयाची फेलोशिप दोन प्रकारची आहे. २५ ते ४० वयाच्या कलावंतांसाठी कनिष्ठ फेलोशिप दरमहा १०,००० रुपयांची, तर चाळिशीपुढच्यांसाठी ज्येष्ठ फेलोशिप दरमहा २०,००० रुपयांची असते. दोन्हींची मुदत दोन वर्षे असून रक्कम सहा-सहा महिन्यांच्या चार समान हप्त्यांत येते. या योजनेचे काम सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्र ही दिल्लीची स्वायत्त संस्था पाहते, जिला सगळे ‘सीसीआरटी’ म्हणून ओळखतात. तिच्या संकेतस्थळावर जाहिरात निघते आणि अर्जही तिथेच भरायचा असतो. जाहिरातीसाठी वर्षातला अमुक एक महिना धरून बसू नये. प्रस्ताव आधीच तयार ठेवावा, आणि जाहिरात निघाली की तिच्यातील वय, शिक्षण व नोकरीविषयीच्या अटी त्या वर्षीच्या म्हणून नव्याने वाचाव्यात.

ही फेलोशिप संशोधनासाठी आहे. गुरूकडे पुढचे शिक्षण घेणे, कार्यशाळा भरवणे, आत्मचरित्र किंवा कथा-कादंबरी लिहिणे यांसाठी ती दिली जात नाही. ‘संशोधन’ हा शब्द वाचून पुष्कळ कलावंत माघार घेतात, कारण त्यांना तो प्राध्यापकांचा प्रांत वाटतो. वास्तविक प्रयोगाशी निगडित संशोधनालाही तिथे जागा आहे, आणि वीस वर्षे वाद्यावर हात चालवणाऱ्याला जे प्रश्न पडतात ते ग्रंथालयात बसणाऱ्याला पडत नाहीत. अडचण एवढीच की आपल्याला पडलेला प्रश्न कागदावर प्रश्नासारखा दिसावा लागतो.

एक उदाहरण जवळून पाहू. माझ्या ओळखीच्या एका ढोलकीवादकाने पहिल्या खेपेस विषय लिहिला होता: ‘ढोलकीवादन : एक अभ्यास’. त्याखाली तीन पाने होती. त्यांतल्या दोन पानांत ढोलकीची थोरवी होती, एका पानात त्याची स्वतःची. समितीवर बसलेल्या जाणकाराला यातून कळते ते इतकेच की या गृहस्थाचे ढोलकीवर प्रेम आहे, आणि प्रेम तर आलेल्या प्रत्येक अर्जात असते. त्या अर्जाचे काही झाले नाही. दुसऱ्या खेपेस आम्ही दोघे चहा घेत बसलो असता मी त्याला विचारले, की फडावर (तंबूतल्या तमाशात) आणि बारीत (मोजक्या रसिकांपुढच्या लावणीच्या बैठकीत) तू सारखेच वाजवतोस का? तो हसला आणि म्हणाला, तसे वाजवले तर बारीतून हाकलून देतील. फडाच्या तंबूत हलगीच्या कडकडाटात शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचे असते, बारीत समोर चार हातांवर माणूस बसलेला असतो आणि ठेका नाचणारीच्या पायाकडे बघून हलका-भारी करावा लागतो. अर्ज तिथेच सापडला. नवा विषय झाला: ‘ढोलकी-फडाच्या तमाशातील गण-गौळणीचे ठेके आणि संगीत बारीतील लावणीचे ठेके : वादनपद्धतीचा तुलनात्मक अभ्यास’. मथळा लांबलचक आहे खरा, पण त्यात काय पाहणार, कुठे पाहणार आणि कशाची कशाशी तुलना करणार, हे तिन्ही आले. आपल्या कामातली जी गोष्ट आपण इतकी गृहीत धरतो की बोलूनही दाखवत नाही, तिच्यापाशीच बहुधा चांगला विषय असतो. तो एकट्याने सापडत नाही, म्हणून कला न जाणणाऱ्या एखाद्या चौकस माणसाला समोर बसवून त्याला प्रश्न विचारू द्यावेत.

विषय ठरला की प्रस्तावाचा कणा म्हणजे कामाचे वेळापत्रक. हप्ते सहामाही असल्याने आणि प्रत्येक सहामाहीस प्रगतीचा अहवाल द्यायचा असल्याने कामाचेही चार भाग पाडावेत, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी हातात काय असेल ते मोजता येईल अशा शब्दांत लिहावे. ‘क्षेत्रभेटी व अभ्यास’ असे मोघम लिहू नये; ‘आठ वादकांच्या मुलाखती, बारा ठेक्यांचे ध्वनिमुद्रण व त्यांचे लिपीबद्ध बोल’ असे लिहावे. याच ढोलकीवाल्याच्या कच्च्या आराखड्यात फडांना भेटी आषाढ-श्रावणात घातल्या होत्या. तमाशाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि गावोगावच्या यात्रा आटोपून पाऊस जवळ आला की तंबू गुंडाळले जातात, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? पण अर्ज भरताना माणूस कॅलेंडरचे महिने भरत जातो. आम्ही मग वेळापत्रक फिरवले: पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि यात्रा कमिट्या सुपारी द्यायला, म्हणजे खेळ ठरवायला येतात, तेव्हा फडांच्या वादकांची गाठ, हंगामात प्रत्यक्ष खेळांचे ध्वनिमुद्रण, पावसाळ्यात चौफुला आणि मोडनिंबच्या कलाकेंद्रांवर बारीतले काम आणि जमवलेल्या सामग्रीचे लेखन. कलेच्या ऋतुमानाशी जुळणारा आराखडा पाहिला की जाणकार वाचकाला अर्जदार आतला आहे हे न सांगता कळते.

पैशांचा हिशेब अर्जात विचारलेला असो वा नसो, तो स्वतःसाठी जरूर मांडावा. कनिष्ठ फेलोशिपचा एक हप्ता ६०,००० रुपयांचा होतो. समजा एका फेरीचा प्रवास, राहणे-जेवणे आणि दोन वादकांचे मानधन मिळून ८,००० रुपये लागतात. सहामाहीत अशा चार फेऱ्या केल्या तर ३२,००० गेले, ध्वनिमुद्रण व टंकलेखनास १०,००० धरले, की घरखर्चाला उरतात १८,०००, म्हणजे महिन्याला ३,०००. हे आकडे पाहून आराखडा आवरता घ्यावा लागला तर तो आजच घ्यावा. शिवाय पुढचा हप्ता अहवाल तपासला गेल्यावरच निघतो आणि मध्ये काही महिने जाऊ शकतात, तेव्हा सुपाऱ्या सोडून देऊन केवळ फेलोशिपवर संसार चालवण्याचा विचार करू नये. ज्यांची कला आपण नोंदवणार आहोत त्या वादकांचे मानधन मात्र हिशेबातून कधीही वगळू नये. त्यांची लेखी संमती आधी घेऊन प्रस्तावाला जोडली, तर अर्जाचेही वजन वाढते.

प्रस्ताव हिंदीत किंवा इंग्रजीत द्यायचा असला, तरी तो आधी मराठीत पूर्ण लिहावा आणि मग भाषांतर करावे किंवा करून घ्यावे. भाषांतरकाराला एक गोष्ट बजावून सांगावी: गण, गौळण, बतावणी, वग ही तमाशाच्या भागांची नावे तशीच ठेवायची आणि पहिल्यांदा येतील तिथे एका ओळीत त्यांचा अर्थ द्यायचा. वगाचे नुसते ‘नाटक’ आणि सोंगाड्याचा ‘विदूषक’ झाला, की समितीतल्या लोककलेच्या अभ्यासकाला अर्जदारच परका वाटू लागतो. लांबीबाबत माझे मत असे, की शब्दमर्यादा दिलेली असेल तर तिच्या किंचित आतच थांबावे आणि कलेच्या प्राचीनतेवर एका वाक्यापेक्षा अधिक खर्चू नये.

कागदपत्रांत सर्वाधिक घोळ नावाचा होतो. पोस्टरवर एक नाव, आधार कार्डावर दुसरे, शाळेच्या दाखल्यावर तिसरे आणि बँकेत आडनावाचे स्पेलिंग निराळे, ही आपल्याकडच्या कलावंतांची नेहमीची स्थिती आहे. विवाहित कलावतींच्या बाबतीत तर माहेरच्या नावाने गाजलेली बारा वर्षे कागदावर कोणाच्याच नावे राहत नाहीत. जाहिरातीची वाट पाहत असतानाच आधार, पॅन आणि बँकखाते एका नावावर आणावे. रंगमंचावरचे नाव वेगळे असेल तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करून ठेवावे, आणि नाव कायमचे बदललेले असल्यास राजपत्रातील नोंद काढून ठेवावी. वर्तमानपत्रांची कात्रणे ढिगाने जोडू नयेत. पाच-सहा निवडावीत, प्रत्येकीवर वर्तमानपत्राचे नाव आणि तारीख दिसेल अशी ती स्कॅन करावीत. तारीख नसलेले कात्रण म्हणजे नुसता कागद. गुरूचे प्रमाणपत्र घ्यायचे असेल तर त्यात किती वर्षे, कोणत्या काळात आणि काय शिकवले, हे असू द्यावे. ‘शिष्य गुणी आहे, आशीर्वाद’ एवढ्याने अर्जाला काही मिळत नाही. चित्रफितीचा दुवा द्यायचा असल्यास ती पासवर्डशिवाय उघडते ना, हे दुसऱ्याच्या फोनवर पाहावे आणि पहिल्या मिनिटातच आपले काम दिसेल अशी ती कापावी, कारण निवेदकाचे स्वागतपर भाषण संपेपर्यंत कोणी थांबत नाही.

अर्ज शेवटच्या दिवशी भरू नये, हे सगळे सांगतात आणि तरीही सगळे शेवटच्याच दिवशी भरतात. माझा स्वतःचा एक अर्ज असाच रात्री अकराला अडकला होता. छायाचित्राची फाईल मर्यादेपेक्षा मोठी होती आणि ती लहान कशी करायची हे गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याला ठाऊक होते, पण त्याने शटर ओढले होते. तेव्हापासून मी मुदतीच्या आठवडाभर आधी अर्ज दाखल करतो, भरलेल्या अर्जाची प्रत आणि नोंदणी क्रमांक कागदावर छापून घेतो आणि अर्जात दिलेला मोबाईल क्रमांक निकाल लागेपर्यंत बदलत नाही.

निवड झाल्यास पहिला हप्ता जमा झाला त्या तारखेपासून एक वेगळी वही घालावी. तिच्यात कोणत्या दिवशी कुठे गेलो, कोणाला भेटलो, काय ध्वनिमुद्रित केले आणि किती खर्च झाला, याची त्याच दिवशी नोंद करावी. सहा महिन्यांनी अहवाल या वहीतूनच उतरवायचा असतो. ठरलेल्या गोष्टींपैकी एखादी जमली नाही, तर अहवालात ती कारणासह मांडावी. एखाद्या वादकाने ऐनवेळी नकार देणे किंवा फड बंद पडणे, हीदेखील त्या क्षेत्राविषयीची माहितीच असते. विषयच बदलण्याची वेळ आली, तर मात्र आधी लेखी परवानगी मागावी.

निवड झाली नाही तर प्रस्ताव फेकू नये. ढोलकीवाल्याचा दुसरा अर्जही पहिल्या फटक्यात लागला नाही. पुढच्या जाहिरातीपर्यंत त्याने स्वतःच्या खर्चाने चार ठेके नोंदवले, ते नमुना म्हणून जोडले, आणि वेळापत्रकातून तेवढे काम वजा करून तोच प्रस्ताव पुन्हा भरला.