तळघरातला जुना कमोड काढायच्या आधी

अमेरिकेत पिट्सबर्गमध्ये जुनं घर घेतलं की बऱ्याचदा तळघरात एक कमोड असतोच, ना भिंत ना दार, नुसता उघड्यावर, आणि इथे त्याला पिट्सबर्ग टॉयलेट असंच म्हणतात. कोणी सांगतं पोलाद कारखान्यातले कामगार कामावरून आले की तिथेच आवरून मग वर जायचे, कोणी म्हणतं ड्रेनेज तुंबलं तर घाण पाणी वरच्या मजल्यावर न येता खालीच निघावं म्हणून. मला दुसरं जास्त पटतं, आणि म्हणूनच सगळ्यात आधी हे बघा की तुमच्याकडे पाणी उलटं येतं का. शहरात बऱ्याच ठिकाणी पावसाचं पाणी आणि सांडपाणी एकाच लाइनीतून जातं, जोराचा पाऊस झाला की लाइन भरते, आणि तुम्ही कमोडखालच्या ड्रेनेज पाइपचं तोंड बंद केलंत म्हणून पाणी थांबत नाही, ते फ्लोअर ड्रेनमधून नाहीतर कपडे धुवायच्या सिंकमधून येतं. शेजाऱ्यांना विचारा, भिंतीच्या तळाशी ओलीचे जुने डाग शोधा, तसं असेल तर बॅकवॉटर वॉल्व्हचा, म्हणजे गटाराचं पाणी उलटं घरात येऊ न देणाऱ्या झडपेचा, खर्च आधी धरा. परमिट लागेल का तेही आधीच विचारून घ्या, पिट्सबर्ग ज्यात येतं त्या अ‍ॅलेगेनी काउंटीत (जिल्ह्यात) प्लंबिंग काउंटीचं हेल्थ डिपार्टमेंट बघतं.

मग पाणी. कमोडजवळचा जुना कॉक पूर्ण बंद होईलच असं नाही, आमचा फिरवला तर दांड्यातूनच गळायला लागला, शेवटी मेन बंद करावा लागला, तेव्हा मेन कुठे आहे आणि तो नीट फिरतो का हे आदल्या दिवशीच बघून ठेवा आणि त्या पाण्याच्या पाइपाला लावायची कॅपही आणून ठेवा.

सामानात जाड रबरी हातमोजे, गॉगल, बादली, स्पंज, जुने टॉवेल, जाड कचऱ्याच्या पिशव्या, कमोड आणि पाइपच्या सांध्यातलं मेण खरवडायला पट्टी आणि हॅकसॉ, कारण गंजलेले बोल्ट पान्याने सुटतील याची खात्री नाही, कापावेच लागतात. खाली 9 इंची चौकोनी जुन्या टाइल्स असतील तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, टेस्ट केल्याशिवाय त्या फोडू नका, प्लीज.

सगळ्यात महत्त्वाचा प्लग, म्हणजे ड्रेनेज पाइपच्या तोंडात बसवायचं रबरी बूच, आणि तो कमोड हलवायच्या आधी हातात पाहिजे. कमोडमध्ये साचलेलं पाणीच गटारातला गॅस अडवत असतं, कमोड उचलला की ते गेलं, मग हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन सरळ घरात, तेही तळघरात जिथे वॉटर हीटरची ज्योत जळत असते. उचलल्यावर लगेच भोकात टॉवेलचा बोळा कोंबा, त्याला दोरी बांधा म्हणजे आत जाणार नाही, मेण खरवडून पाइपचा आतला व्यास मोजा, फ्लँजचा (कमोड ज्यावर बोल्टने बसतो त्या कड्याचा) नाही. 3 आणि 4 इंची दोन्ही प्लग आणून ठेवले तर परत दुकानात पळायला नको, नको तो परत करता येतो. प्लगवरचा विंग नट (हाताने फिरवायचा पंखांचा नट) फिरवला की रबर फुगून आतून घट्ट बसतं. पण पाइप शिशाचा निघाला, म्हणजे नखाने ओरखडा उठला, तर जोर लावू नका, मऊ असतो, प्लंबर बोलवा. नुसतं सिमेंट ओतून बुजवू तर अजिबात नका, सिमेंट आकसतं, कडेने फट पडते आणि तुकडे लाइनीत गेले तर आख्खं घर तुंबेल. आणि बाजूने वर जाणारा व्हेंट पाइप, म्हणजे ड्रेनेज लाइनीतली हवा खेळती ठेवणारा पाइप, कापू नका, वरचं बाथरूम त्यावरच चालत असू शकतं.

फरशी करायच्या आधी वरचा फ्लश चारपाच वेळा करून प्लगच्या कडेने ओल येते का, वास येतो का ते बघा, आणि दोन भिंतींपासून त्या तोंडाचं अंतर मोजून फोटो काढून ठेवा.