पान्हा कोणाच्या हातात? नाशिकमध्ये स्त्रीवादी मेकर स्पेस उभारताना

मेकर स्पेस म्हणजे अवजारं वापरून हाताने वस्तू बनवायची सामायिक कार्यशाळा. ती काढायची म्हटली की लोक आधी थ्री-डी प्रिंटरची किंमत विचारतात. प्रिंटर दुसऱ्या वर्षी घ्या. बाया आल्या तरी तिसऱ्या रविवारी का गळतात, याचं उत्तर संडासाची कडी, एसटीची वेळ आणि चहाचे कप यांत सापडतं.

जागा तळमजल्यावर हवी आणि सीबीएस, निमाणी किंवा नाशिकरोड स्टँडवरून चालत पोचता यावं. पेठ-सुरगाण्याकडे परतणाऱ्या मुलींची शेवटची गाडी कितीला आहे हे स्टँडवर जाऊन विचारा आणि त्याच्या पाऊण तास आधी सत्र संपवा. दार ९० सेंमी रुंद हवं. १५ सेंमीची एक पायरी असेल तर उतार १८० सेंमी लांब लागतो; दोन फुटांची फळी टाकून भागत नाही, व्हीलचेअर उलटते. टेबलाखाली ७० सेंमी उंच मोकळी जागा ठेवा.

वायरिंगवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच) बसवून घ्या आणि महिन्याला एकदा त्याचं टेस्ट बटण दाबून बघा. अर्थिंग नसेल तर बाकी काही सुरूच करू नका.

सोल्डरची वायर (वितळवून वायरींचे जोड पक्के करायची तार) शिसंविरहितच घ्या, कारण येणाऱ्यांत गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायाही असतील. ही वायर साधारण २१७ अंशांच्या पुढे वितळते, त्यामुळे २५ वॉटच्या स्वस्त सोल्डरिंग आयर्नवर जोड कच्चा राहतो आणि शिकणारीला वाटतं, आपला हातच वाईट. तापमान लावता येणारा ६० वॉटचा आयर्न घेऊन ३५० अंशांवर ठेवा. धूर सोल्डरमधल्या फ्लक्सचा (जोड साफ करणाऱ्या द्रव्याचा) असतो आणि दमा असलेल्यांना त्रास देतो. पंखा तो ओढून खिडकीबाहेर टाकेल असा लावा, तोंडावर वारा सोडेल असा नको.

बेंच ड्रिलपाशी पदर, ओढणी, सुटे केस नकोत. त्यावरून कोणाला झापू नका. गळ्यापर्यंत बटणं असलेले सहा एप्रन आणि रबरबँडची डबी तिथेच ठेवा. मंगळसूत्र एप्रनच्या आत जातं. चुडा निघत नसेल तर खुणा तिने करायच्या, भोकं दुसरीने पाडायची. हातमोजे मात्र इथे कोणीच घालायचे नाहीत, बिटमध्ये अडकले की बोटासकट ओढले जातात.

पहिला प्रकल्प दिवे लुकलुकवण्याचा नको, कांदाचाळीतलं तापमान आणि दमटपणा मोजण्याचा घ्या. चाळीत कांदा का सडतो हे निफाड-लासलगावकडच्या मुलीला शिकवणाऱ्यापेक्षा जास्त कळतं, आणि बोलायला तिथूनच सुरुवात होते. सामान एवढंच: ईएसपी३२ बोर्ड (छोटा प्रोग्राम करता येणारा संगणक), डीएचटी२२ सेन्सर (तापमान आणि दमटपणा मोजणारा), १० किलोओहमचा रेझिस्टर (सेन्सरची डेटा पिन आणि ३.३ व्होल्टच्या मध्ये), ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता वायरी खोचायची पट्टी), वायरी. लॅपटॉपला बोर्ड दिसत नसेल तर आधी केबल बदला. बऱ्याच केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात. आकड्याऐवजी ‘एनएएन’ (म्हणजे ‘हा आकडा नाही’) आलं तर वायर सुटलेली असते, नाहीतर दोन सेकंदांच्या आत पुन्हा रीडिंग मागितलेलं असतं.

आठ जणींना आठ किट द्या. दोघांत एक दिलं की धीट असेल त्याच्याकडे कीबोर्ड जातो आणि दुसरी वही सांभाळते. शिकवणाऱ्याने हात पाठीमागे ठेवायचे. ‘दे, मी करून देतो’ हे वाक्य इथे बंद.

बिल्ल्यावर फक्त पहिलं नाव, तेही ज्याने त्याने स्वतः सांगितलेलं. आडनाव विचारलं की जात विचारली, हे न कळण्याइतकं नाशिकात कोणी भोळं नाही. १९३० मध्ये काळारामाच्या दाराशी सत्याग्रह इथेच झाला. आधारची झेरॉक्स मागू नका, ट्रान्स व्यक्ती तिथूनच परत फिरतात. चहा आणि झाडू यांची पाळी बाराखडीप्रमाणे लावा, शिकवणाऱ्यांसकट. पाळी नसली की चहा बायांकडे जातो आणि झाडू कोणाकडे जातो ते सांगायला नको.

फोटो विचारल्याशिवाय व्हॉट्सॲपवर टाकायचा नाही. एका फोटोवरून घरी बोलणी बसतात आणि मुलगी यायची थांबते. छळाची तक्रार कोणाकडे करायची, ती दोन नावं दारावर लावा. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणच्या तक्रारी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यानुसार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जातात. तिचा पत्ताही तिथेच लिहा.

तिसऱ्या महिन्यात किल्लीच्या दोन प्रती काढा आणि शिकायला आलेल्यांपैकी दोघींना द्या. सामानाची यादीही त्यांनीच करायची.