लॅपटॉप आणि कोडिंगची टूल्स निवडताना या चुका टाळा

जुलैत इंजिनिअरिंगचे प्रवेश सुरू झाले की नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या घराची बेल वाजायला लागते. मी घरूनच कोडिंगचं काम करतो हे गल्लीला ठाऊक आहे. "काका, जरा लॅपटॉप पाहता का?" पाहतो. गंमत म्हणजे हे पोट्टे लॅपटॉप घेऊन झाल्यावर येतात. लग्न लागल्यावर पत्रिका जुळवायला आणल्यासारखं. दरवर्षी तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून ठेवतो.

आय सेव्हन प्रोसेसर पाहिला आणि डोळे झाकून घेतला

ही माझी सगळ्यात नावडती चूक.

मानेवाड्याला माझी मावसबहीण राहते. तिच्या मुलाने गेल्या वर्षी बर्डीवरून सत्तर हजारांचा लॅपटॉप आणला. महिन्याभराने तोंड पाडून आला. "मामा, हा हँग काहून होते? आय सेव्हन आहे न!" टेबलावर ठेवला. ॲप बनवायचा अँड्रॉइड स्टुडिओ उघडला, एमुलेटर, म्हणजे लॅपटॉपमध्येच चालणारा नकली फोन, चालू केला, मागे क्रोममध्ये वीसेक टॅब होतेच. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी, म्हणजे रॅम, ९४ टक्के भरलेली. प्रोसेसर बिचारा निवांत बसलेला. रॅम होती ८ जीबी.

"वाढवून टाकू ना मामा, हजार-दोन हजाराचं काम." मी त्याला टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये मेमरीच्या पानावर खाली काय लिहिलंय ते वाचायला लावलं. फॉर्म फॅक्टर : रो ऑफ चिप्स. म्हणजे रॅम मदरबोर्डावरच डकवलेली. त्याचा विश्वास बसेना, म्हणून मागचं झाकणही उघडलं. स्लॉट नाहीच. विकत घेतला त्या दिवशीच तो लॅपटॉप जन्मभरासाठी ८ जीबीचा झाला होता, आणि हे दुकानात त्याला कोणी सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही.

मग मार्ग काय काढला? एमुलेटर कायमचा बंद. फोनमध्ये यूएसबी डीबगिंग सुरू केलं आणि ॲप सरळ फोनवर चालवायला लावलं. चार-साडेचार जीबी तिथेच मोकळी झाली. आता त्याचं बरं चाललंय, पण डॉकरसारखं रॅम खाणारं टूल शिकायची वेळ आली की पुन्हा रडणार, हे मला आत्ताच दिसतंय.

माझा हिशेब साधा आहे. १६ जीबी रॅम आणि आय फाइव्ह हे ८ जीबी आणि आय सेव्हनपेक्षा केव्हाही बरं. पैसे कमी असतील तर ८ जीबी घ्या, पण एक स्लॉट रिकामा असलेला घ्या. मॅकबुक एअर घेणाऱ्यांना तर नंतर रॅम वाढवायची सोयच नाही. ऑक्टोबर २०२४ पासून तो निदान १६ जीबीपासून सुरू होतो. जुना स्वस्तात मिळतोय म्हणून ८ जीबीवाला उचलत असाल तर वरचा परिच्छेद पुन्हा वाचा.

प्रोसेसरच्या नावातही मेख असते. एएमडीच्या रायझन प्रोसेसरच्या सात हजारी मालिकेत पहिला आकडा वर्षाचा, पिढी सांगतो तो तिसरा. ७५२०यू मधला २ म्हणजे झेन २, चार कोअर. ७५३०यू मधला ३ म्हणजे झेन ३, सहा कोअर. दुकानाच्या पाटीवर दोन्ही 'रायझन ५, सात हजार सिरीज' म्हणून शेजारी शेजारी लावलेले असतात. इंटेलमध्ये शेवटचं अक्षर बघा: यू म्हणजे कमी वीज खाणारा, एच म्हणजे दमदार पण गरम होणारा.

आणि गरम होण्यावरून आठवलं.

नागपूरचा उन्हाळा विसरलात

लॅपटॉपचे रिव्ह्यू करणारे एसीत बसून करतात. आपल्याकडे २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता. २०२४ च्या मेमध्ये एका स्वयंचलित केंद्राने तर ५६ दाखवले. तो सेन्सरचा दोष निघाला, पण खोटं सांगत नाही, आम्हाला पहिल्यांदा खरंच वाटलं होतं. आणि मॅकबुकच्या माहितीत ॲपल काय लिहिते? वापराचं तापमान १० ते ३५ अंश. मेमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर ३५ अंश पहाटेसुद्धा सापडत नाही.

तापल्यावर प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. जो बिल्ड, म्हणजे कोडपासून ॲप तयार करायचं काम, जानेवारीत चार मिनिटांत व्हायचा तो मेच्या दुपारी मला सात मिनिटं लावतो. लोक म्हणतात व्हायरस आला, फॉरमॅट मारा. अरे, टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा वेग बघा ना! काम जोरात चालू असताना तो बेस स्पीडच्या खाली उतरला असेल तर दोष उन्हाचा आहे, विंडोजचा नाही.

आता यावर नागपूरकराचा उपाय ठरलेला: लॅपटॉप कूलरपुढे ठेवा. मीही तेच केलं होतं, आणि इथे मला शहाणपण शिकवायचा अधिकार आहे कारण मी त्याचे एकतीस हजार मोजलेत.

घरून काम सुरू झालं त्या पहिल्याच उन्हाळ्यात टेबल थेट कूलरच्या तोंडाशी लावलं. कूलरला नवीन वाळा, नवीन पंप, थंडगार हवा, मी खूश. आठवड्याने 'ई' दाबली की तीनदा उमटायला लागली. मग बॅकस्पेस अडकला. मला वाटलं, पोह्यांची तर्री सांडली असेल कधीतरी. पुढे माउसचा बाण आपोआप पळायला लागला, आणि एका सोमवारी, मीटिंगच्या दहा मिनिटं आधी, यंत्र सुरूच होईना. सर्व्हिसवाल्याने झाकण काढून दाखवलं: पंख्याच्या जाळीवर पांढरी खरखरीत पापुद्र्यासारखी पूड, आणि बोर्डाच्या कडेला हिरवट गंज. कूलरमध्ये बोअरचं पाणी. त्याचे बारीक तुषार हवेबरोबर येत होते, पाणी वाळत होतं आणि क्षार आत बसत होते. ओल ओळखायची बारीक चिकटपट्टी आत असते, ती लाल झालेली. वॉरंटीचं तिथेच पाणी पाणी झालं.

आता माझं टेबल कूलरच्या बाजूला असतं, समोर नाही. हवा पाठीवर घ्यायची, कीबोर्डवर नाही. लॅपटॉपखाली सुताराकडून आणलेल्या लाकडाच्या दोन पट्ट्या, म्हणजे खालून हवा ओढायला जागा राहते. गादीवर ठेवून तर अजिबात नाही. जड बिल्ड सकाळी सहाला, चहाच्या आधी. दर मार्चमध्ये पंखा साफ करून घेतो. कूलिंग पॅड एकदा घेतलं होतं. ते आता मुलीच्या बाहुल्यांचं स्टेज आहे.

मॅकबुक एअरसारखा बिनपंख्याचा लॅपटॉप घ्यायचा असेल तर एसीची सोय आहे का ते आधी पाहा. वेब डेव्हलपमेंटला तो छान आहे, पण तासभर सलग कंपाइल करणाऱ्याने आपल्या गावात विचार करावा.

टूल्सचा बाजार

लॅपटॉप आला की त्याच रात्री व्हीएस कोड या एडिटरमध्ये चाळीस एक्स्टेन्शन, म्हणजे जोडायच्या जादा सोयी, टाकायची, ही दुसरी हौस. व्हिडिओत कोणीतरी सांगितलेलं असतं. मग कोडची मांडणी लावणारे दोन-दोन फॉरमॅटर एकमेकांशी भांडतात, सेव्ह केलं की कोड उड्या मारतो, आणि पोरगं म्हणतं एडिटर बेकार आहे. व्हीएस कोडमध्येच 'एक्स्टेन्शन बायसेक्ट' म्हणून सोय आहे. ती निम्मी निम्मी एक्स्टेन्शन बंद करत दोषी शोधून देते. माझ्याकडे एकूण नऊ आहेत. दहावं हवं असेल तर एक काढतो. याला शास्त्र नाही, सवय आहे.

विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय म्हणजे डब्ल्यूएसएल; ती वापरणाऱ्यांची एक चूक मात्र नेमाने दिसते. लिनक्स चालवायचं आत आणि प्रोजेक्ट ठेवायचा सी ड्राइव्हवर. डब्ल्यूएसएल २ मध्ये लिनक्समधून विंडोजकडच्या फाइली वाचणं फार मंद असतं. नोड मॉड्यूल्ससारखी हजारो बारक्या फाइलींची फोल्डर असली की इन्स्टॉल संपता संपत नाही. प्रोजेक्ट लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये हलवा, एवढंच. शिवाय डब्ल्यूएसएल सहसा अर्धी रॅम स्वतःकडे घेऊ शकतं. १६ जीबीवाल्यांनी त्याच्या कॉन्फिग फाइलीत मर्यादा घालावी. मी ६ जीबी देतो.

प्रोजेक्ट डेस्कटॉपवर, आणि डेस्कटॉप क्लाउडला सिंक: नका करू. फाइल वापरात आहे, हटवता येत नाही, असे विचित्र एरर इथूनच येतात. कोडचे बदल जपून ठेवायला गिट आहे.

फोल्डरचं नाव 'न्यू फोल्डर (२)' ठेवू नका. नावात स्पेस नको, कॅपिटल अक्षरं नकोत. विंडोज लहान-मोठ्या अक्षरात फरक करत नाही, सर्व्हरवरचं लिनक्स करतं. मग 'माझ्याकडे तर चालतं' हे रडगाणं.

कॉलेजात टर्बो सी हा जुना कंपायलर शिकवत असतील तर परीक्षेपुरतं शिका. टर्बो सी++ ३.० हे १९९१ चं, आणि सी++ चं पहिलं प्रमाण १९९८ चं. त्याला आजचा कोड कळत नाही यात तुमची चूक नाही. घरी जीसीसी हा आजचा कंपायलर टाका.

दुकानदार 'सगळं सॉफ्टवेअर फुकटात टाकून देतो' म्हणाला तर हात जोडा. विकतचं सॉफ्टवेअर चोरून चालू करणाऱ्या त्या ॲक्टिव्हेटरबरोबर काय काय येतं हे त्यालाही माहीत नसतं.

एआयने लिहून दिलेला कोड न वाचता चिकटवणाऱ्यांना मी काही सांगत नाही. ते वाचणारही नाहीत. फक्त एवढं की, पासवर्ड आणि एपीआय की (एखादी ऑनलाइन सेवा वापरायची गुप्त चावी) असलेली फाइल गिटहबवर, म्हणजे गिटचा कोड ऑनलाइन ठेवायच्या साइटवर, गेली तर पुढच्या कमिटमध्ये (बदलाच्या नोंदीत) ती डिलीट करून उपयोग नाही, ती इतिहासात राहतेच. आधी की रद्द करा, मग बाकीचं.

जुना घेत असाल तर

सेकंड-हँड बिझनेस लॅपटॉप हा माझ्या मते विद्यार्थ्यासाठी उत्तम सौदा: चांगला कीबोर्ड, बदलता येणारी रॅम, दणकट बिजागरी. पण इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचीच घ्या, कारण विंडोज ११ ला तीच लागते आणि विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लिनक्सच टाकणार असाल तर सातवीही चालेल.

दुकानात जाताना मी पेन ड्राइव्हवर लाइव्ह उबंटू, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारं लिनक्स, नेतो. दुकानदार वैतागतो, "साहेब, आमच्यावर विश्वास नाही का?" मी हसतो आणि बूट मेन्यू उघडतो. वाय-फाय लागतो का, आवाज येतो का, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र झोपेतून उठतं का, आणि प्रत्येक कळ उमटते का, एवढं पाहायला पंधरा मिनिटं लागतात. 'ई' मी सगळ्यात आधी दाबून बघतो.