हार्वर्डमध्ये बसण्याआधी: जुन्या लष्करी प्रशिक्षण विमानासाठीची तयारी

हार्वर्ड, म्हणजेच अमेरिकनांचं टी-६ टेक्सन, उडवायचं असेल तर सुरुवात त्याच्यापासून करू नका. आधी टेलव्हीलच्या, म्हणजे शेपटीखाली तिसरं छोटं चाक असलेल्या, एखाद्या हलक्या विमानावर रडरच्या (शेपटीवरच्या सुकाणूच्या) पेडलांसाठी पाय तयार करा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी शिकाऊ वैमानिकही थेट यात बसत नसत. आधी २२० अश्वशक्तीचं दुपंखी स्टिअरमन, मग मधल्या टप्प्याचं विमान आणि त्यानंतर ६०० अश्वशक्तीचं टी-६. हा क्रम आजही तितकाच बरोबर आहे. इतर विमानांवर कितीही तास झालेले असले तरी तो सोडू नये, असं माझं ठाम मत आहे.

विमान हँगरमध्ये उभं असताना कॉकपिटमध्ये भरपूर वेळ काढा. डोळे मिटून थ्रॉटल (इंजिनाची ताकद), मिक्स्चर (इंधन-हवेचं प्रमाण), प्रोपेलरचा दांडा, इंधनाची कळ, चाकांचा आणि फ्लॅपचा (पंखामागच्या, उतरताना खाली येणाऱ्या झडपांचा) दांडा न चुकता हाताला सापडले पाहिजेत. टी-६ची हायड्रॉलिक यंत्रणा सतत दाबाखाली नसते. आधी हायड्रॉलिक दाब आणणारा ‘पॉवर’चा छोटा दांडा दाबायचा, मगच फ्लॅप हलतात. चाकं खाली आल्यावर दर्शकावर समाधान मानू नका; पंखावरच्या छोट्या खिडकीतून लॉकची खीळ बसलेली स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आणि खिसे रिकामे करा. या कॉकपिटला सलग तळ नाही, पायांसाठी फक्त दोन पट्ट्या आहेत. हातातून निसटलेलं पेन थेट विमानाच्या पोटात जातं आणि कंट्रोलच्या तारांमध्ये अडकू शकतं.

इंजिनाची तयारी मात्र अजिबात घाईने उरकू नये. रेडिअल, म्हणजे गोलाकार मांडलेल्या सिलिंडरांचं, इंजिन बंद उभं राहिलं की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांमध्ये साचतं. ते तसंच ठेवून स्टार्टर मारला तर पिस्टन न दबणाऱ्या तेलावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. तो कदाचित त्या दिवशी तुटणार नाही, पुढे कधीतरी हवेत तुटेल. म्हणून मॅग्नेटो (ठिणगी देणारी यंत्रणा) बंद, मिक्स्चर बंद असल्याची खात्री करून प्रोपेलर हाताने, फिरण्याच्याच दिशेने, सावकाश फिरवा. दोन पूर्ण फेऱ्यांत नऊही सिलिंडरांचं एकेक आवर्तन होतं, म्हणजे दोन पात्यांच्या प्रोपेलरची किमान चार पाती समोरून जायला हवीत. मध्येच अडलं तर जोर लावू नका, उलटंही फिरवू नका. खालच्या सिलिंडरांचे स्पार्क प्लग काढून तेल वाहू द्या. हे करताना प्रत्येक वेळी इंजिन आत्ता सुरू होणार आहे असं समजूनच उभं राहा. सुरू झाल्यावर तेलाचा दाब लगेच आला पाहिजे. नाही आला तर बंद. तेल पुरेसं गरम झाल्याशिवाय इंजिनावर ताकद टाकायची नाही, मागे कोणी खोळंबलं असलं तरी.

विमान कुठल्या बाजूला ओढणार हे आधी माहीत हवं. टी-६ उड्डाणाच्या धावेत डावीकडे जातं आणि शेपटी उचलताना तो ओढा आणखी वाढतो, म्हणून शेपटी घाईने उचलू नये. टायगर मॉथ आणि चिपमंक या जुन्या प्रशिक्षण विमानांचं जिप्सी मेजर इंजिन उलट फिरतं, त्यामुळे ती उजवीकडे ओढतात. याक-५२ हे सोव्हिएत प्रशिक्षण विमान सुद्धा तसंच. एकावरून दुसऱ्यावर जाणाऱ्याने जमिनीवर बसूनच पायांची उजळणी करावी. याकमध्ये स्टार्टर, चाकं, फ्लॅप, ब्रेक सगळं दाबाच्या हवेवर चालतं, तेव्हा हवेचा दाब इंधनाइतक्याच काळजीने तपासावा.

पहिल्या उड्डाणांना त्या प्रकाराचा जाणता प्रशिक्षक सोबत हवाच. भरपूर उंचीवर स्टॉल (पंखांची उचल सुटणं) करून बघा, सरळ उड्डाणातले आणि वळणातलेही. जोरात ओढलेल्या वळणात टी-६चा एक पंख फारशी सूचना न देता झपकन खाली जातो. धावपट्टीकडे वळताना वळण चुकलं म्हणून स्टिक (विमान चालवायची काठी) ओढण्याचा मोह होतो, तो मोडायचा असेल तर हे उंचीवरच अनुभवलेलं पाहिजे.

उतरण्याची तयारी सगळ्यात मोठी. टेलव्हीलच्या विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. नाक जरा वळलं की मागचं वजन ते आणखी वळवतं आणि ग्राउंड लूप होतो, म्हणजे विमान जमिनीवरच गरकन फिरतं. टी-६च्या काही प्रकारांत स्टिक पूर्ण पुढे गेली की टेलव्हील मोकळं सुटतं, म्हणून टेकल्यावर स्टिक मागे घट्ट धरायची. पाय सतत थोडे थोडे हलत राहिले पाहिजेत, कारण चूक दिसेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो. आडव्या वाऱ्याची स्वतःची मर्यादा आधीच ठरवा, कागदावर लिहा, ती ओलांडली गेली तर त्या दिवशी उडू नका. पहिली उसळी मोठी बसली तर थ्रॉटल देऊन पुन्हा वर जा. धावपट्टी सोडून विमान पूर्ण थांबेपर्यंत फ्लॅपला हात लावायचा नाही; घाईत भलताच दांडा ओढला जाऊ शकतो.

इंजिन बंद केल्यावर किती तेल खर्च झालं ते लॉगबुकात लिहा, काउलिंगखाली (इंजिनाच्या आवरणाखाली) ताजी गळती आहे का पाहा आणि काहीही वेगळं वाटलं तर पुढच्या उड्डाणाआधी मेकॅनिकला दाखवा.